राजीखुशीचा पिंजरा

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात १९०६च्या सप्टेंबरमध्ये माकडघराशी एक पाटी लागली. नाव ओटा बेंगा. वय २३ वर्षे, उंची ४ फूट ११ इंच, वजन १०३ पौंड. कुठून आणला, तर कांगो फ्री स्टेटमधल्या कसाई नदीकाठून. कोणी आणला, तर डॉ. सॅम्युअल व्हर्नर यांनी. खाली वेळ दिली होती : सप्टेंबर महिनाभर, रोज दुपारी. शेजारच्या पिंजऱ्यांवरच्या पाट्याही थोड्याफार फरकाने अशाच होत्या.

पिंजऱ्यात त्याच्या सोबतीला डोहाँग नावाचा ओरांगउटान होता. फरशीवर हाडे पसरून ठेवली होती. पाहणाऱ्याने त्यांचा अर्थ आपापल्या परीने लावावा अशी सोय. ओटा बेंगाचे दात घासून टोकदार केलेले होते. त्याच्या मुलखात तो नटण्याचा प्रकार होता, न्यूयॉर्कमध्ये तो नरभक्षक असल्याचा पुरावा ठरला. ८ सप्टेंबरच्या शनिवारी लोकांनी त्याला तिथे पाहिले. रविवारी सकाळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ब्रॉन्क्सच्या वानरांच्या पिंजऱ्यात बुशमन राहायला आल्याची बातमी छापली आणि गर्दी लोटली. पुढच्या रविवारी, १६ तारखेला, बागेत ४० हजार माणसे आल्याचे वर्तमानपत्रांनी लिहिले. तोवर त्याला अधूनमधून पिंजऱ्याबाहेर फिरू देत असत. माणसे त्याच्या मागे धावत, कोणी कोपराने ढोसत, कोणी पाय घालून पाडत.

हे सगळे घडवून आणणारा विल्यम टेंपल हॉर्नडे हा कुणी जत्रेतला खेळवाला नव्हता. तो प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता आणि अमेरिकेतल्या वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव आजही मानाने घेतात. नामशेष होत आलेला अमेरिकी बायसन वाचवायला १९०५ साली जी संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. तरुणपणी त्याने हिंदुस्थानात येऊन संग्रहालयांसाठी सुसरी, वाघ, हत्ती मारले होते आणि त्या भटकंतीवर १८८५ साली जाडजूड पुस्तक लिहिले होते. मारणारा हात पुढे राखणारा झाला, हे खरेच आहे. पण जनावरांच्या जाती मोजून, त्यांची उतरंड लावून जग समजून घेण्याची त्याची सवय माणसांपाशी येऊन थांबली नाही. त्या उतरंडीत ओटा बेंगाची पायरी कोणती, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

हॉर्नडेच्या मागे मॅडिसन ग्रँट आणि हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न होते. दोघेही प्राणिसंस्थेचे संस्थापक, न्यूयॉर्कच्या बड्या घराण्यांतले. ग्रँटने १९१६ साली गोऱ्या ‘नॉर्डिक’ वंशाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिले. पुढे त्याचे जर्मन भाषांतर झाले आणि ते हिटलरच्या आवडीचे झाले. अमेरिकेच्या १९२४च्या स्थलांतर कायद्यामागेही ग्रँटचा हात होता. माकडघराशी पाटी लावणारे लोक अडाणी नव्हते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ओटा बेंगा तिथवर पोचला कसा? त्याच्या जन्माचा प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी जहागीर होता. रबराचा ठरलेला वाटा भरला नाही तर गावेच्या गावे जाळायची, हात तोडायचे, हा तिथला कारभार. व्हर्नर साउथ कॅरोलायनाचा, आधी मिशनरी, मग धाडसी प्रवासी, मग व्यापाराची स्वप्ने पाहणारा. १९०४ साली सेंट लुईसला भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाने त्याला ‘पिग्मी’ आणण्याचे कंत्राट दिले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याला ओटा बेंगा सापडला. कसा सापडला, याच्या व्हर्नरने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कथा सांगितल्या. सर्वांत गाजलेली अशी, की ओटा बेंगाची बायकामुले सैनिकांनी मारली होती, तो गुलामांच्या बाजारात होता आणि आपण थोडे मीठ आणि कापडाचा तागा देऊन त्याला सोडवला. दुसऱ्या एका कथेत तो नरभक्षकांच्या तावडीतून सुटतो. सगळ्या कथांत एक गोष्ट मात्र कायम : व्हर्नर तारणहार आहे आणि ओटा बेंगा आपल्या मर्जीने त्याच्याबरोबर निघाला आहे.

आपल्याकडे खरेदीखतावर लिहितात, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले. माणसे दाखवायला मांडण्याच्या या धंद्याची सगळी दप्तरे याच वाक्याने सुरू होतात.

धंदा जुना आणि मोठा होता. हॅम्बुर्गचा कार्ल हागेनबेक हा प्राण्यांचा व्यापारी. वाघ-हत्तींची विक्री मंदावली होती, तेव्हा हाइनरिश लॉयटेमान या चित्रकार मित्राने त्याला सुचवले, की रेनडियर आणतोच आहेस तर त्यांच्याबरोबर त्यांचे सामी धनीही आण. १८७४ साली ती माणसे आली, तंबू ठोकून राहिली, रेनडियरचे दूध काढू लागली, आणि हॅम्बुर्ग बघायला लोटले. मग सुदानचे न्यूबियन आले, ग्रीनलंडचे इनुइट आले. पॅरिसच्या जार्दाँ दाक्लिमातास्यों या बागेने हीच वाट धरली. १८७०-७१च्या वेढ्यात शहराने या बागेतले हत्तीसुद्धा खाल्ले होते आणि बागेचा हिशेब तोट्यात होता. १८७७ साली माणसे मांडल्यावर तो सावरला. याच हागेनबेकने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गज नसलेले प्राणिसंग्रहालय उघडले. गजांच्या जागी त्याने खंदक खणले, बघणाऱ्याला ते दिसू नयेत असे. आजची ‘मोकळी’ प्राणिसंग्रहालये त्याचाच वारसा चालवतात.

त्याच्याकडे १८८० साली लॅब्राडोरहून आठ इनुइट आले. त्यांतला अब्राहम उलरिकाब लिहिता-वाचता होता, व्हायोलिन वाजवायचा, मोरावियन मिशनचा ख्रिस्ती होता. मिशनच्या दुकानाचे कर्ज डोक्यावर होते आणि युरोप पाहायची हौसही होती. मिशनऱ्यांनी जाऊ नको म्हणून सांगितले. त्याने करार केला. राजीखुशीचे याहून चोख उदाहरण मिळणार नाही. त्याने आपल्या भाषेत रोजनिशी ठेवली, म्हणून पिंजऱ्याच्या आतून काय दिसते हे आपल्याला कळते. बर्लिनच्या बागेत गर्दी कुंपणातून आत घुसली, ओरडूनही हटेना, तेव्हा त्याने चाबूक आणि सील मारायचा भाला उचलून लोकांना पिटाळले. थंडीच्या मुलखातल्या माणसाला बर्लिनमध्ये घराची आठवण सोसवत नव्हती, हेही त्याने लिहिले आहे. आठांपैकी कोणालाही देवीची लस वेळेवर टोचलेली नव्हती. तिघे डिसेंबरात जर्मनीत मेले, उरलेले पाच १८८१च्या जानेवारीत पॅरिसमध्ये. त्यांतल्या अब्राहमसकट पाचजणांच्या अस्थी पॅरिसच्या संग्रहालयात शंभरावर वर्षे राहिल्या. हागेनबेकने हळहळ व्यक्त केली, हा उद्योग पुन्हा नको म्हणाला आणि थोड्याच काळात पुन्हा सुरू केला.

बेल्जियममध्ये टेर्वुरनला १८९७ साली लिओपोल्डने २६७ कांगोली माणसे तळ्याकाठच्या झोपड्यांत बसवली. सातजण तिथेच दगावले. पॅरिसच्या १९३१च्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी न्यू कॅलेडोनियाचे कनाक लोक नरभक्षक म्हणून दाखवले गेले आणि त्यांतले काही बदल्यात मगरी घेऊन जर्मनीला धाडले गेले. ब्रुसेल्सच्या १९५८च्या प्रदर्शनातही कांगोचे खेडे होते. लोक बांबूच्या कुंपणावरून केळी फेकू लागले, तेव्हा खेड्यातले कारागीर हत्यारे खाली ठेवून घरी निघून गेले. १९५८ म्हणजे हिरोशिमानंतर, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानंतर दहा वर्षांनी. हे सांगितले की मला हमखास अविश्वासाचे चेहरे दिसतात.

हिंदुस्थानही सुटला नव्हता. लंडनच्या १८८६च्या वसाहती आणि हिंदुस्थान प्रदर्शनात ३४ ‘अस्सल देशी कारागीर’ गालिचे विणत, मडकी घडवत बसले होते. बहुतेकांनी ही कला आग्र्याच्या तुरुंगात शिकली होती. त्यांना घेऊन आलेला डॉ. टायलर त्या तुरुंगाचा अधीक्षक होता. मडकी घडवणारा बक्षीराम १०२ वर्षांचा असल्याचे सांगत. व्हिक्टोरिया राणीला ही मंडळी इतकी आवडली, की तिने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढून घेतली. ती आजही ऑस्बर्न हाउसमध्ये आहेत. अतिशय देखणी चित्रे आहेत. मात्र चेहऱ्यांकडे पाहून तुरुंगाचा पत्ता लागत नाही. कैद्याची राजीखुशी कशी घेतली असेल, हा प्रश्न त्या थाटामाटात कोणाला पडल्याचे दिसत नाही.

सेंट लुईसच्या प्रदर्शनाची मानववंशशाखा या सगळ्यावर कळस होती. एक हजारावर फिलिपिनो लोक होते; त्यांचा देश अमेरिकेने नुकताच जिंकला होता. अपाची नेता जेरोनिमो होता. तो कागदोपत्री युद्धकैदी, पहाऱ्यात आणलेला, आणि आपल्या सहीचे फोटो विकून चार पैसे मिळवत होता. ऑगस्टच्या १२ आणि १३ तारखेला ‘अँथ्रोपॉलॉजी डेज’ नावाने या लोकांच्या शर्यती लावल्या. ज्यांनी कधी भालाफेक वा गोळाफेक पाहिली नव्हती, त्यांना सरावाशिवाय उतरवले आणि ते मागे पडले तेव्हा शास्त्रज्ञांनी आपला सिद्धान्त सिद्ध झाला म्हणून टिपून घेतले. ओटा बेंगाही तिथेच होता. पैसे दिले तर तो दात दाखवायचा, असे सांगतात. ते खरे असेल तर पोराला बाजाराचा नियम लवकर कळला.

प्रदर्शन संपल्यावर व्हर्नरने त्याला कांगोला परत नेले आणि १९०६ साली पुन्हा घेऊन आला. या वेळी व्हर्नर कफल्लक होता. आणलेला माल ठेवायला त्याने न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा दरवाजा ठोठावला, आणि संचालक हर्मन बंपसने पेट्यांसोबत ओटा बेंगालाही ठेवून घेतले. याच संग्रहालयात १८९७ साली रॉबर्ट पेरीने ग्रीनलंडचे सहा इनुइट आणून सोडले होते. चौघे काही महिन्यांत मेले. त्यांतल्या किसुकच्या मिनिक नावाच्या पोराला बापाचा दफनविधी दाखवला, तो खोटा होता. सांगाडा संग्रहालयाने ठेवून घेतला होता. त्या वास्तूत ओटा बेंगा फार दिवस टिकला नाही. पाहुण्यांच्या मेळाव्यात त्याने एका धनाढ्य बाईच्या दिशेने खुर्ची फेकली, असे म्हणतात. ऑगस्टअखेर त्याची रवानगी ब्रॉन्क्सला झाली.

पाटी लागल्याची बातमी वाचून न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मगुरू एकत्र आले. ब्रुकलिनच्या हॉवर्ड अनाथालयाचे प्रमुख रेव्हरंड जेम्स गॉर्डन त्यांचे पुढारी. आमच्या लोकांची आधीच पुरेशी अवहेलना होते, आम्हाला वानरांबरोबर मांडण्याची गरज नाही, आम्हीही आत्मा असलेली माणसे आहोत, असे त्यांनी सुनावले. त्यांचा दुसरा आक्षेप आजच्या पुरोगामी वाचकाला अडचणीचा वाटेल : हा प्रकार डार्विनच्या मताचा प्रचार आहे आणि ख्रिस्ती धर्माच्या विरोधात आहे, असे ते म्हणाले. विज्ञानाच्या बाजूला पिंजरा होता आणि धर्माच्या बाजूला माणुसकी, असे त्या सप्टेंबरात घडले खरे. डार्विनला यात दोष देता येणार नाही. त्याच्या नावावर जे खपवले जात होते, त्याला देता येतो.

महापौर जॉर्ज मॅक्लेलन शिष्टमंडळाला भेटला नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अग्रलेखाला लोक एवढे का भडकले हेच कळेना, पिग्मी मानवजातीच्या अगदी खालच्या पायरीवर असतात, त्याला अपमान जाणवत असेल असे मानण्याचे कारण नाही, असा त्याचा सूर होता. धर्मगुरूंच्या सांगण्यावरून संस्था वागली असे दिसता कामा नये, अशी ग्रँटची सूचना होती. हॉर्नडेने महापौराला कळवले, की प्राणिसंग्रहालयाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा हा प्रसंग त्यातला सर्वांत गमतीचा ठरेल.

बाहेर मात्र त्यांची भाषा वेगळी होती. ओटा बेंगाला इथे बरे वाटते, तो ओरांगउटानची देखभाल करतो, म्हणजे एक प्रकारे नोकरच आहे; त्याला कोणी कोंडलेले नाही. जाऊ दिले तर तो जाईल कुठे, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःहून विचारला नाही. इंग्रजी न येणारा, पैसा नसलेला, हजारो मैलांवरच्या देशात व्हर्नरशिवाय कोणालाही न ओळखणारा माणूस दाराला कडी नसली तरी बंदीच असतो. कैदेची पारख गजांवरून करू नये, परतीच्या वाटेवरून करावी, असे मला वाटते. आठ इनुइटांना ती नव्हती. आग्र्याच्या कैद्यांना होती, पण ती तुरुंगाच्या अधीक्षकाच्या हाती होती. प्राण्यांच्या बाबतीत निदान एवढा प्रामाणिकपणा असतो की, वाघ राजीखुशीने पिंजऱ्यात आला असे कोणी म्हणत नाही.

आणि ओटा बेंगाने आपली नाराजी सांगितली नव्हती असेही नाही. चेष्टा करणाऱ्यांवर त्याने धनुष्यबाण रोखले. राखणदारांशी झटापटी केल्या. एकदा सुरी उपसली. ज्याला दुखावल्याची जाणीव नाही असे अग्रलेख सांगत होता, तो हाताला येईल त्या वस्तूने उत्तर देत होता. विल्फर्ड स्मिथ हे कृष्णवर्णीय वकील न्यायालयात जायच्या तयारीला लागले. हॉर्नडेला तो आता आवरेना. २८ सप्टेंबरपर्यंत तो गॉर्डन यांच्या अनाथालयात पोचला होता.

पुढची दहा वर्षे त्याच्यावर उपकार करणाऱ्यांत गेली, आणि ते उपकार खरे होते. १९१० साली तो व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला गेला. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकला. कवयित्री अ‍ॅन स्पेन्सरने त्याला इंग्रजी शिकवले. टोकदार दातांवर टोप्या बसवल्या, नाव ‘ओटो बिंगो’ असे सोपे केले. तंबाखूच्या कारखान्यात काम धरले. गावातली पोरे त्याच्या मागे रानात जात. मासे कसे मारायचे, मध कसा काढायचा, ते त्याच्याकडून शिकत. त्याने आफ्रिकेच्या जहाजाच्या तिकिटाची चौकशी केली. तेवढा पैसा जमणे अवघड होते, आणि १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर समुद्रही बंद झाला. २० मार्च १९१६ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय बत्तीस-तेहतीस. हॉर्नडेने त्यावर लिहिले, की कष्ट करून जगण्यापेक्षा त्याला मरण बरे वाटले असावे. तंबाखूच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाबद्दल त्याने हे लिहिले.

त्याच्या मृत्यूची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही दिली. तो प्राणिसंग्रहालयात नोकरीला होता आणि त्या नोकरीमुळेच त्याला माकडांच्या पिंजऱ्यात ठेवले होते अशी निराधार वदंता पसरली, असे तिच्यात म्हटले होते. दहा वर्षांपूर्वी पहिल्या प्रथम ही ‘वदंता’ मथळ्यासह छापणारे वर्तमानपत्र हेच. प्राणिसंग्रहालयाच्या प्रकाशन विभागाच्या विल्यम ब्रिजेस यांनी १९७४ साली संस्थेचा इतिहास लिहिला, त्यात त्याला खरोखर प्रदर्शनात मांडले होते का, याबद्दल धूसर बोलणे केले. १९९२ साली एक गाजलेले पुस्तक आले. त्याच्या दोन लेखकांपैकी एक व्हर्नरचा नातू. त्यात व्हर्नर ओटा बेंगाचा मित्र झाला होता. पुराव्याला कोणी हात लावलेला नव्हता. हॉर्नडेची पत्रे, ग्रँटच्या सूचना संस्थेच्याच दप्तरात होत्या. पामेला न्यूकर्क यांनी ती वाचून २०१५ साली पुस्तक लिहिले, तेव्हा मित्राचा आणि नोकरीचा, दोन्ही बनाव कोसळले.

तेच प्राणिसंग्रहालय अलीकडे आणखी एका खटल्यासाठी गाजले. हॅपी नावाची हत्तीण १९७७पासून तिथे होती. आरशातले प्रतिबिंब आपलेच आहे हे ओळखण्याची चाचणी तिने पार केली होती. बेकायदा कैदेतून माणसाला सोडवणारी देहोपस्थितीची याचिका तिच्यासाठी २०१८ साली दाखल झाली. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने जून २०२२मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी ती फेटाळली. ही याचिका माणसांसाठी आहे, असे बहुमताचे म्हणणे. ओटा बेंगाच्या शेजारी हत्तिणीचे नाव ठेवणे गॉर्डन यांना मुळीच रुचले नसते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांची सगळी लढाई माणसाला जनावरांच्या रांगेतून बाहेर काढण्याची होती. तरी डोहाँगही त्या पिंजऱ्यात बोर्निओचे जंगल सोडूनच आला होता, आणि त्याच्यासाठी १९०६ साली एकही शिष्टमंडळ निघाले नाही.

माकडघर २०१२ साली बंद झाले. जुलै २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका रस्त्यावर उतरली असताना, प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीने जाहीर माफी मागितली. ग्रँट आणि ऑस्बोर्न यांच्या वंशवादाचा नावे घेऊन धिक्कार केला, ओटा बेंगासंबंधीची कागदपत्रे सर्वांना खुली केली. या कामाला ११४ वर्षे लागली, पण ते झाले, आणि ते चांगले झाले. फक्त त्या माफीपत्रात ओटा बेंगाला सप्टेंबर १९०६ मध्ये ‘काही दिवस’ प्रदर्शनात ठेवल्याचे लिहिले आहे. ८ सप्टेंबरला लोकांनी त्याला माकडघरात पाहिले आणि तो बागेतून बाहेर पडला तेव्हा महिना संपत आला होता. त्या वर्षीची वर्तमानपत्रे आजही उपलब्ध आहेत. तारखा कोणालाही जुळवून पाहता येतील.